सुरमई चांगली, पण चार्ज कसला?

आधी कामाचं सांगून टाकतो, सगळं वाचायला प्रत्येकाला वेळ असतोच असं नाही. बाणेरला मुख्य रस्त्यापासून थोडं आत असलेलं हे मालवणी हॉटेल जेवायला चांगलं आहे. सुरमई ताजी, वडे गरम, बसायला ऐसपैस. सोलकढीत गडबड आहे. बिल मात्र चष्मा लावून वाचा. पाचपैकी साडेतीन तारे. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी त्यांनी बिल दुरुस्त करून दिलं, आणि दुरुस्त केलेल्या चुकीची दवंडी पिटायची आमच्याकडं पद्धत नाही. ज्यांना ओळखायचंय ते सोलकढीच्या रंगावरनं ओळखतील.

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो, त्यातली शेवटची नऊ वर्षं मेंटेनन्सचा इनचार्ज. आता रिटायर. वर्षातनं दोनदा पुण्याला मुलाकडं येतो आणि मग मुलगा आम्हाला कुठंतरी जेवायला नेतो. या खेपेला रविवार होता, पाऊस लागून राहिला होता. मुलगा म्हणाला, "आण्णा, आज मासे." माझी बायको वेंगुर्ल्याची. मासे म्हटल्यावर तिचा छत्री शोधायचा वेग तुम्ही बघायला पाहिजे होता.

पार्किंगमध्ये विजेच्या गाड्यांसाठी एक खांब होता. त्यावर हिरवी पाटी: 'चार्जिंग चार्जेस अ‍ॅज अप्लिकेबल'. मी दोनदा वाचली. आत पंचवीस मिनिटं थांबलो, मग खिडकीजवळचं टेबल मिळालं. टेबलावर फोन लावायला वायरींचं छोटं स्टँड आणि त्यावर लिहिलेलं, 'फ्री चार्जिंग'. माझा फोन चार टक्क्यांवर आला होता, लगेच लावून टाकला. मग मेनूकार्ड आलं. माशांची चित्रं झकास, पण सगळ्यात खाली मुंगीएवढ्या अक्षरात तीन ओळी. पार्सलला पॅकिंग चार्ज. बाहेरनं केक आणलात तर केक चार्ज. आणि बिलावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज. त्या ओळी मी वाचल्या नाहीत, नातीनं वाचल्या. ती आठवीत आहे, तिची नजर अजून तरुण आहे.

ती म्हणाली, "आजोबा, टेबलावर लिहिलंय चार्जिंग फ्री आणि इथं लिहिलंय चार्ज दहा टक्के. आमच्या सायन्सच्या पुस्तकात चार्ज म्हणजे प्रभार, धन आणि ऋण. मग हा कुठला?"

ऑर्डर यायला वेळ होता. आणि हा प्रश्न तिनं अशा माणसाला विचारला होता ज्यानं आयुष्यभर त्या एका शब्दाच्या जिवावर पगार घेतला. मुलानं कपाळाला हात लावला, त्याला पुढचं ठाऊक होतं.

आमच्या फौंड्रीत सकाळी सातला गेटातनं आत शिरलो की पहिलं काम म्हणजे चार्ज घेणं. रात्रपाळीचा माणूस लॉगबुकात लिहिणार: कुठली मोटार तापते, कुठला पंप बंद आहे, कुणाकडं लाईनवर काम करायचं परमिट आहे. खाली लिहिणार 'चार्ज दिला' आणि सही करणार. मी वाचणार, पटलं तर 'चार्ज घेतला' लिहून सही करणार. माझी सही पडेपर्यंत तो घरी जाऊ शकत नाही. पावसाळ्यात एकदा एकाला मी दीड तास थांबवला होता, कारण त्यानं लिहिलं होतं 'सर्व ठीक' आणि पॅनेलखाली पाणी होतं. हे लक्षात ठेवा, पुढं बिलाच्या वेळी लागणार आहे.

दुसरा चार्ज यार्डातला. बाहेरनं अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, लाईन येते. ती जिवंत असली की आम्ही म्हणतो 'लाईन चार्ज आहे'. देखभालीनंतर पुन्हा वीज सोडायची म्हणजे 'लाईन चार्ज करायची'. फोनवरनं नुसतं "चार्ज करू का?" असं विचारलं तर समोरच्यानं आधी डोकी मोजायची असतात. सगळी माणसं खाली उतरली, अर्थिंग काढलं, परमिट परत आलं, मगच "कर".

तिसरा चार्ज भट्टीचा. इंडक्शनच्या भट्टीत जो माल टाकतात त्याला चार्ज म्हणतात. पिग आयर्न, पत्र्याचं भंगार, मागच्या कास्टिंगचे तोडलेले रनर-रायझर, वरनं कार्बन आणि फेरोसिलिकॉन. "चार्ज टाका रे" अशी आरोळी आली की क्रेन हलायची. त्यातली एक गोष्ट नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगायची: ओलं भंगार टाकायचं नाही. खाली चौदाशे-पंधराशे डिग्रीचा रस असतो. डब्यात नुसतं वाटीभर पाणी अडकलेलं असलं तरी त्याची एका क्षणात वाफ होते आणि लोखंड छतापर्यंत उडतं. पावसाळ्यात भंगार शेडखाली आणून वाळवल्याशिवाय चार्ज होत नसे. या ओतीव लोखंडाला आम्ही बीड म्हणतो, हे मात्र नातीला समजावायला वेळ लागला. तिच्या लेखी बीड हा जिल्हा.

चौथा चार्ज सगळ्यात लबाड. भट्टीच्या पॅनेलमागं कपॅसिटरची, म्हणजे वीज साठवून धरणाऱ्या डब्यांची, रांग असते. मेन स्विच बंद केला, दिवे गेले, सगळं शांत झालं, तरी त्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. दिसत नाही, आवाज नाही, वास नाही. म्हणून साठलेली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय हात घालायचा नाही. आयटीआयतनं आलेल्या एका पोरानं गडबडीत पाना घातला होता. ठाण्णकन आवाज झाला, निळा उजेड पडला आणि पान्याचं टोक मेणबत्तीसारखं खाली ओघळलं. पोरगं वाचलं, कारण हातमोजे होते. तो पाना आम्ही पुढं कित्येक वर्षं खिळ्याला टांगून ठेवला होता, नवीन माणसाला दाखवायला.

इथं तिसऱ्या टेबलावरचे लोक आमच्याकडं बघायला लागले, म्हणून मी आवाज कमी केला.

सूनबाई आयटीत. तिनं फोनमध्ये शब्दाचं कुळ काढलं. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे चाकाचा गाडा. त्यावरनं गाड्यावर ओझं लादायचं क्रियापद झालं, ते फ्रेंचमधनं इंग्रजीत आलं आणि त्याचा चार्ज झाला. कार, कार्गो, कॅरी ही सगळी त्याच घरातली भावंडं. म्हणजे मूळ अर्थ एकच, ओझं चढवणं. हे ऐकल्यावर मला एकदम बरं वाटलं. आपल्या 'भार' शब्दाचंही तेच आहे की! खुर्चीचं ओझं तो पदभार, विजेचा तो प्रभार, आणि शाळेत हेडमास्तरांची जागा रिकामी असली की येतात ते प्रभारी. उपकाराचं ओझं तो आभार. जिल्ह्याला वीज पुरली नाही की भारनियमन. इंग्रजांनी गाडा धरला, आपण ओझं धरलं. पोचलो एकाच ठिकाणी.

विजेला हा शब्द अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन या शास्त्रज्ञानं रूढ केला. अठराव्या शतकात लायडनच्या बरणीत वीज साठवायचे प्रयोग चालले होते. फ्रँकलिननं त्याला बंदुकीचा शब्द लावला: बंदुकीत दारू ठासतात तशी बरणीत वीज ठासायची, म्हणजे चार्ज करायची. बॅटरी हा शब्दही त्यानंच तोफखान्यातनं उचलला. एका रांगेत लावलेल्या तोफा म्हणजे बॅटरी, तशा एका रांगेत लावलेल्या बरण्या. आपल्याकडं विहिरीचा दगड फोडताना बार भरतात तीच गोष्ट. फोन चार्जिंगला लावला म्हणणारी सूनबाई प्रत्यक्षात बार भरत असते.

माझा मेहुणा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चार्जमन होता. हे सरकारी पद आहे, सुपरवायझरच्या जातीचं. त्याचं लग्न ठरलं तेव्हा मुलीकडच्या एका म्हाताऱ्यानं बैठकीत विचारलं होतं, "चार्जमन म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करून देतो काय?" सोयरीक मोडता मोडता राहिली.

तोवर नातीलाही खेळ आवडला होता. ती बोटं मोजायला लागली. फ्रीजचा गॅस चार्ज करतात. मोबाईलचा रिचार्ज. गावी बोअर आटली की छतावरचं पाणी सोडून बोअर रिचार्ज करतात, त्याला पाटीवर पुनर्भरण लिहितात. दवाखान्यातनं सुटलं की डिस्चार्ज. मुलगा म्हणाला लाठीचार्ज. मी म्हटलं, तो पेपरात सौम्य लाठीमार होतो, ज्याला बसतो त्याला विचारा किती सौम्य. बायको म्हणाली चार्जशीट. कोर्टात दोषारोपपत्र, कारखान्यात नुसतं कागदाचं पाकीट, पण ते हातात पडलं की माणूस डबा खात नाही. आणि महिन्याच्या लाईट बिलावर चार्जला काय म्हणतात? आकार! स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार. एकाही आकाराला आकार नसतो, पण बिल मात्र वाढत जातं.

एवढ्यात ताटं आली. माझ्या मते परीक्षण इथनं सुरू व्हायला पाहिजे होतं, पण गाडी रुळावर यायला वेळ लागतो.

बोंबील फ्राय पहिला आला. बोंबलात पाणी फार. चिरून, मीठ लावून त्यावर पाट्याचं वजन ठेवावं लागतं, तेव्हा पाणी निथळतं आणि तळल्यावर कडक होतो. इथं ते नीट केलेलं होतं. रवा पातळ, आत लोण्यासारखा मऊ, हातात धरल्यावर लवत नव्हता. बायकोनं काही न बोलता दुसरा तुकडा उचलला, म्हणजे पास. सुरमईच्या थाळीतली तुकडी बोटभर जाड होती, मधल्या काट्याजवळ कच्ची नव्हती आणि कडेला सुकलेली नव्हती. दोन्ही एकाच वेळी जमणं अवघड असतं. कालवण जरा पातळ, पण तिरफळाचा वास होता. कोंबडी वड्यांतले वडे फुगलेले, मेथीची किंचित कडू चव लागत होती आणि संपेपर्यंत गरम येत राहिले. तिसऱ्यांत, म्हणजे शिंपल्यांत, एक-दोन दातांखाली कचकचल्या. वाळू होती, जास्त नाही, पण होती.

सोलकढी. मी कोल्हापूरचा, तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेला, मला यात फार बोलायचा हक्क नाही. बायकोनं वाटी तोंडाला लावली, परत खाली ठेवली आणि वेंगुर्ल्याच्या भाषेत विचारलं, "ह्येच्यात सोलां खंय आसत?" सोलां म्हणजे कोकम. त्याचं आगळ, म्हणजे दाट रस, घातलेल्या सोलकढीचा रंग फिकट, जांभळटाकडं झुकणारा असतो. ही लग्नातल्या आईस्क्रीमसारखी गुलाबी होती. नारळाचं दूध मात्र खरं असावं. नातीनं दोन वाट्या जादा मागवल्या, तेव्हा पिढीचाही फरक असेल.

वाढणारा मुलगा परभणीकडचा होता, वीस-बावीसचा. न सांगता वडे आणून देत होता, बायकोच्या ताटाजवळ काटे काढायला वेगळी ताटली त्यानं स्वतःहून ठेवली. मी विचारलं, "बाळा, हा सर्व्हिस चार्ज तुला मिळतो का रे?" तो हसला. "मिळतंय की काका काहीतरी महिन्याला. किती, ते वरच्यांना माहीत."

मग बिल आलं. मी चष्मा लावला.

जेवण २,८४० रुपये. सर्व्हिस चार्ज दहा टक्क्यांनी २८४. दोन्ही मिळून ३,१२४. त्यावर पाच टक्के जीएसटी १५६ रुपये २० पैसे. एकूण ३,२८०. म्हणजे न घेतलेल्या मालावर आधी ओझं चढवलं आणि त्या ओझ्यावर पुन्हा कर बसवला. मुलानं फोन काढला, त्याला पैसे देऊन मोकळं व्हायचं होतं. मी म्हटलं, थांब.

काळा कोट घातलेला एक तरुण आला. नम्र होता, खोटं कशाला बोलू. म्हणाला, "सर, मी इथला इनचार्ज. काही प्रॉब्लेम?"

मी म्हटलं, "मीपण इनचार्ज होतो, म्हणून विचारतो. हा चार्ज मी कधी घेतला?"

"सर, मेनूकार्डवर लिहिलंय."

"लिहिलं म्हणजे तुम्ही दिला. आमच्याकडं चार्ज नुसता देऊन होत नाही, घेणाऱ्याची सही लागते. माझी सही कुठाय?"

तो गोंधळला. मुलानं मान खाली घातली. मग मी त्याला कायद्याचं सांगितलं, कारण सहीचं उदाहरण त्याला कळलेलं नव्हतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सूचना काढल्या: हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात टाकायचा नाही, दुसऱ्या नावानंही घ्यायचा नाही, ग्राहकावर सक्ती करायची नाही, आणि तो बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. स्वखुशीनं कुणी दिला तर गोष्ट वेगळी. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. तिथं आधी स्थगिती मिळाली, पण २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सूचना कायम ठेवल्या. तक्रारीचा फोन नंबर १९१५. हे सगळं मला पाठ आहे, कारण रिटायर माणसाला पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचायला मिळतो.

त्यानं वाद घातला नाही. दोन मिनिटांत नवीन बिल आणलं: २,८४० अधिक जीएसटी १४२, एकूण २,९८२. फरक २९८ रुपयांचा. वर म्हणाला, "सर, कोणी सांगितलं तर आम्ही लगेच काढतो." तारा मी इथं कापला. सांगितल्यावर काढता म्हणजे घालताना माहीत असतं. आमच्याकडं एखाद्यानं परमिट नसताना लाईन चार्ज केली आणि मग म्हणाला, कोणी ओरडलं तर लगेच बंद करतो, तर त्याला दुसऱ्या दिवशी गेटावर उभा केला नसता. उरलेला अर्धा तारा सोलकढी आणि वाळू यांच्यात वाटून घ्यावा.

परभणीच्या पोराच्या हातात मी तीनशे ठेवले. मुलगा म्हणाला, "आण्णा, म्हणजे दोन रुपये जास्तच गेले की." त्याला हिशेब येतो, पण भांडण कशाबद्दल होतं ते अजून कळलेलं नाही. बायकोनं समजावलं त्याला गाडीपर्यंत जाताना, तिच्या पद्धतीनं.

जाणाऱ्यांसाठी थोडं: रविवारी साडेबाराच्या आत पोचा, नंतर गर्दी होते. खिडकीकडची टेबलं चांगली, स्वयंपाकघराजवळची तळणाच्या वासात येतात. वयस्कर माणसांना पायऱ्या चार आहेत, कठडा आहे. हात धुवायला गरम पाणी होतं, हे फार कमी ठिकाणी असतं. सोलकढीऐवजी ताक मागा. सर्व्हिस चार्ज नको हे ऑर्डर देतानाच सांगून टाका, म्हणजे शेवटी जेवणाची चव जात नाही.

गाडीत बसलो, मुलानं गाडी मागं घेतली आणि मी खिसा चाचपला. फोन टेबलावरच. पावसात उतरतोय तोवर ते पोरगं छत्री न घेता पळत आलं, हातात माझा फोन. मी म्हटलं, "फुल झाला असेल आता." स्क्रीन बघितली. तीन टक्के.

पोरगं संकोचून म्हणालं, "काका, टेबलाखालचं बटण चालू करावं लागतंय. तुम्ही नुसतीच वायर लावली होती."

सूनबाईंना मी हे अजून सांगितलेलं नाही.